मदत हवी आहे: ऑर्ग-मोडमधून वेबपान काढताना पीडीएफ आकृत्या आपोआप एसव्हीजी करायच्या आहेत

नमस्कार मंडळी. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये ऑर्ग-मोडवर (साध्या मजकुरातून वेबपान, पीडीएफ वगैरे काढून देणारी त्यातली सोय) भौतिकशास्त्राच्या नोट्स लिहितो. आलेख ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या प्रोग्राममधून पीडीएफमध्ये निघतात, कारण छापील प्रत लाटेक या छपाईच्या मांडणीच्या प्रणालीमार्गे होते आणि तिथे पीडीएफ झकास बसतो. घोडं अडतं ते एचटीएमएल काढताना. पीडीएफ हे चित्र आहे असं ऑर्गचा एचटीएमएल एक्स्पोर्टर मानतच नाही, आलेखाच्या जागी नुसती लिंक येते. चित्रांच्या नियमांच्या यादीत पीडीएफ घालून पाहिलं, तर इमेज टॅग तयार होतो खरा, पण क्रोम आणि फायरफॉक्स त्यात पीडीएफ दाखवत नाहीत.

हाताने करायचं तर पीडीएफटूकैरो हे कमांड-लाइन साधन एका आज्ञेत सुंदर एसव्हीजी (कितीही झूम केलं तरी स्पष्ट राहणारं चित्र) देतं. पीएनजी नको, झूम केलं की आकड्यांची वाट लागते. पण दरवेळी हाताने कोण करणार?

मला हवंय ते असं: मूळ मजकुरात लिंक पीडीएफचीच राहावी, फक्त एचटीएमएलच्या वेळी फाइलचं एसव्हीजी होऊन लिंकमधला पत्ताही बदलावा, आणि पीडीएफ आधीच्या एसव्हीजीपेक्षा नवा असेल तरच रूपांतर व्हावं. ऑर्गचा लिंक-फिल्टर (एक्स्पोर्ट झालेल्या लिंकवर चालणारं फंक्शन) वापरावा, तर तोवर लिंकचा एचटीएमएल होऊन गेलेला असतो. त्यात शोधा-बदला करणं मला फार ठिसूळ वाटतं. पार्सिंगआधीच्या हुकमध्ये (ऑर्ग मजकूर वाचून फोडण्याआधी आपला कोड चालवायची जागा) करणं बरं का? की रूपांतर मेकफाइलवर (बदललेल्या फाइलींवरच आज्ञा चालवणारी नियमांची फाइल) सोडून हुकमध्ये फक्त पत्ता बदलावा?

पॅनडॉक (फाइलींचे प्रकार बदलणारा प्रोग्राम) आणि त्याचे ल्युआ फिल्टर सुचवू नका प्लीज, ते ऑर्गमधले कोड-ब्लॉक चालवत नाहीत. कुणाकडे चालू स्थितीतलं ईलिस्प (ईमॅक्सची प्रोग्रामिंग भाषा) असेल तर टाका.