क्यूबीनं बॉल द्यायचा का ठेवायचा, १०-१२ वर्षांच्या पोरांना हे कसं शिकवायचं? (फ्लॅग फुटबॉल)

खानापूर_रोड:
नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या बाहेर खानापूर रोडला एका गावात राहतो आणि जूनपासून शनिवार रविवार सकाळी गावातल्या १३ पोरापोरींना फ्लॅग फुटबॉल शिकवालोय, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच, पण अंगावर पाडायचं नाही, बॉलवाल्याच्या कमरेचं कापड (फ्लॅग) ओढलं की डाव थांबला. ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत ऑलिम्पिक समितीची बैठक झाली, तिथं क्रिकेटबरोबर हा खेळपण २०२८ च्या लॉस एंजेलिसला घेतला, तेव्हा वाचलेलं ते डोक्यातनं गेलंच नाही. बेल्ट शिंप्याकडनं शिवून घेतलेत, कमरेच्या पट्टीला दोन्ही बाजूला वेल्क्रोनं केशरी कापड लावलंय, ओढलं की सुटतंय. बॉल एकच, पोरांच्या मापाचा.

आता अडचण. मला ऑप्शन शिकवायचाय. म्हणजे क्यूबी (क्वार्टरबॅक, डाव चालवणारा) स्नॅप, म्हणजे सेंटरनं डाव सुरू करताना मागं दिलेला बॉल, घेऊन बाजूला पळतो, समोरचा डिफेंडर त्याच्या अंगावर आला तर शेजारून पळणाऱ्याला पिच करायचा (बाजूला नाहीतर मागं फेकायचा), नाही आला तर स्वतःच घेऊन जायचं. व्हिडिओत बघितलं, वहीत काढून दाखवलं, पोरांना कळलंपण. पण मैदानात आल्यावर पोरगं स्नॅपच्या आधीच ठरवून बसतंय की मी देणार, आणि मग समोर कोण आलं कोण नाही काही न बघता देतंय. गेल्या रविवारी ११ वेळा करून बघितलं, त्यातले ७ पिच सरळ मातीत. पावसानं मैदान लाल चिखल झालेलं आणि बॉल हातातनं निसटालाय. त्यात पळणारा पोरगा घरी कन्नड बोलणारा आहे, तो लांबनंच "कोडु, कोडु" (दे, दे) म्हणून ओरडतंय, मग काय, समोरच्या सगळ्यांना कळालं बॉल कुठं येणार ते.

एक पोरगी आहे ११ वर्षांची, हात चांगला आहे तिचा, क्यूबी तिलाच करतोय मी. तिनं मधेच थांबून विचारलं, सर मी नेमकं कुणाकडं बघू? मी म्हणालो सगळ्यांकडं लक्ष ठेव. पुढच्या डावाला ती बॉल छातीशी धरून जागच्या जागी उभी राहिली, मान नुसती इकडून तिकडं, आणि फ्लॅग गेला. घरी आल्यावर सारखं वाटालाय की मी तिला उत्तरच चुकीचं दिलं. दोन महिन्यांनी गोव्याकडची एक टीम मैत्रीचे सामने खेळायला येणार आहे. कुणी शिकवलं असेल तर सांगा, प्लीज.

कॅम्प_मैदान:
सर पहिलं काम नियमाचं. तुम्ही बघितलेला व्हिडिओ मोठ्या, टॅकलवाल्या (अंगावर पाडायच्या) फुटबॉलचा असणार. लहान मुलांच्या बऱ्याच लीग एनएफएल फ्लॅगच्या ५ विरुद्ध ५ नियमांनी खेळतात आणि त्यात स्नॅप घेणारा क्यूबी स्वतः बॉल घेऊन लाईनच्या, म्हणजे डाव जिथनं सुरू होतो त्या रेघेच्या, पुढं पळूच शकत नाही. पिच, लॅटरल (बाजूला फेकणं) पण बंद. लाईनच्या मागं फक्त हातात हात हँडऑफ. काही ठिकाणी आपापल्या नियमात पिच चालवतात, म्हणून गोव्याच्या लोकांना आजच फोन लावून विचारून घ्या, नाहीतर पोरं दोन महिने जे शिकतील ते पंच पहिल्या पाच मिनिटांत थांबवणार आणि पोरांना वाटणार आपलंच काहीतरी चुकलं, ते मला बघवत नाही.

अजून एक, नो रन झोन. गोल लाईनच्या अलीकडं ५ यार्ड आणि हाफ लाईनच्या अलीकडं ५ यार्ड, या पट्ट्यात पळायचं नाही, पासच टाकायचा. तिथं चुन्याची वेगळी रेघ ओढा, कारण पोरं जोशात विसरतात. आणि एक यार्ड आपल्या मीटरपेक्षा थोडा कमी, ५ यार्ड म्हणजे साडेचार मीटर धरा.

खानापूर_रोड:
बापरे. पिचच नाही म्हटल्यावर मग ऑप्शन उरला कुठं?

डॅलसकर_शहापूरचा:
उरतो की. मी मूळ शहापूरचा, सध्या टेक्सासमध्ये, मुलाच्या टीमला तीन वर्षं मदत करतोय, वय तुमच्या पोरांएवढंच. सविस्तर लिहितो कारण मीपण इथनंच गेलोय.

ऑप्शन म्हणजे पिच नव्हे. ऑप्शन म्हणजे समोरच्या एकाच डिफेंडरला अशा जागी आणून सोडायचं की त्यानं काहीपण केलं तरी आपल्याकडं दुसरा रस्ता आहे. ही कल्पना डॉन फॉरो नावाच्या कोचनं १९४१ ला मिसूरी विद्यापीठात खेळवली, स्प्लिट टी म्हणतात त्या रचनेत, आणि त्याला ती सुचली बास्केटबॉलवरनं. दोघं बॉल घेऊन पळत सुटलेत, समोर अडवायला एकटाच, तो ज्याच्यावर जाईल त्याच्या जोडीदाराला बॉल. तुमच्या पोरांनी शाळेत हे शंभर वेळा केलेलं असणार.

आता ५ विरुद्ध ५ मध्ये तेच असं बसवा. सेंटर, क्यूबी, पळणारा आणि दोन्ही कडेला एकेक रिसीव्हर (पास पकडणारा). खेळ उजवीकडं करायचाय समजा. उजवा रिसीव्हर नाकासमोर लांब पळतो, त्याच्यावरचा डिफेंडर त्याच्या मागं जातो, ती जागा रिकामी झाली. सेंटर स्नॅप दिल्या दिल्या उजवीकडं तिरका, ४-५ यार्डावर जाऊन उभा. या खेळात सेंटरलापण पास देता येतो, हे बरेच जण विसरतात. पळणारा क्यूबीच्या समोरनं उजवीकडं जातो, क्यूबी बॉल त्याच्या पोटात ठेवतो. आता उजवीकडं मधे एकच डिफेंडर उरला. तो पळणाऱ्याकडं वर आला तर बॉल ओढून घ्यायचा आणि त्याच्या पाठीमागं उभ्या असलेल्या सेंटरला टाकायचा. तो सेंटरपाशीच थांबला तर बॉल पोटातच सोडायचा. क्यूबीला पळावंच लागत नाही.

तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. या एकाकडं बघ, बाकी चौघांकडं बघायचंच नाही.

त्यात नियमपण आपल्या बाजूनं आहे. हँडऑफ व्हायच्या आधी लाईन ओलांडून फक्त रशर (क्यूबीवर धावून येणारा डिफेंडर) येऊ शकतो आणि त्याला ७ यार्ड मागनं सुरुवात करावी लागते, म्हणजे साधारण साडेसहा मीटर. हँडऑफ झाला की सगळे मोकळे. त्यामुळं नुसत्या हुलीला फसून दुसरा कुणी आत घुसला तर फाउल त्यांचा. बॉल ठेवला तर मात्र क्यूबीकडं स्नॅपपासून एकूण ७ सेकंद आहेत आणि पास लाईनच्या पुढं पकडला गेला पाहिजे.

पोटात बॉल ठेवण्याचं नीट शिकवा, तिथंच सगळं बिघडतं. पळणाऱ्याचा क्यूबीकडचा कोपर वर, दुसरा हात खाली तळवा वर करून, मधे खोबणी. त्यानं बॉल ओढायचा नाही, क्यूबीनं सोडला की आपोआप मिटायचं. आमच्याकडं पहिले दोन आठवडे नुसती दोघांची ओढाताण चालायची. ठरवणार क्यूबी, पळणाऱ्यानं फक्त खोबणी करून पळायचं, हे दोघांनापण शंभरदा सांगा.

अंगोळ_११:
मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. १० वर्षांच्या पोरांना दोन रस्ते कशाला? एक हँडऑफ, एक साधा पास, हे दोन्ही पक्कं होऊदे. मी फुटबॉल शिकवतो, आपला पायानं खेळायचा, तिथंपण बघतोय, लहान पोराला बॉल पायात असताना विचार करायला लावला की पोरगं खेळायचंच सोडतं. आणि रीड (कुणाकडं तरी बघून ठरवणं) करायचाच असेल तर रशरला करा, तोच क्यूबीकडं तोंड करून येतोय, दिसतोपण समोरच.

डॅलसकर_शहापूरचा:
साधा हँडऑफ आणि साधा पास आधी पक्का पाहिजे हे शंभर टक्के बरोबर, ते मी लिहायला हवं होतं. रशरचं मात्र पटत नाही. तो ७ यार्डावरनं पोचेपर्यंत दीड-दोन सेकंद जातात, आणि बॉल पोटात असतो जेमतेम एक सेकंद. त्याच्याकडं बघत बसलं तर निर्णय उशिरा होतो. शिवाय रशर बघून पोरांचे डोळे घाबरतात. लाईनपलीकडचा तो एक डिफेंडर जवळ असतो आणि त्याला काहीतरी लगेच ठरवावंच लागतं.

निपाणी_खोखो_ताई:
सर, मी शाळेत खो-खो शिकवते, २२ वर्षं झाली. फ्लॅग फुटबॉल मी कधी खेळलेले नाही, पण तुमची ती मुलगी वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

खो-खोमध्ये चेसरनं एकदा दिशा घेतली की मागं फिरता येत नाही, खांबापर्यंत जावंच लागतं नाहीतर खो द्यावा लागतो. त्यामुळं पळणारी पोरं चेसरच्या चेहऱ्याकडं बघत नाहीत, खांद्याकडं बघतात. खांदा वळला की दिशा गेली. चेहरा फसवतो, हात फसवतात, पण खांदा आणि कंबर वळवल्याशिवाय कुणाला पळता येत नाही. माझ्या १० वर्षांच्या मुलींना हे कळतं, तेव्हा अंगोळचे सर म्हणतात तेवढं काही अवघड नाही. फक्त एकच गोष्ट बघायला सांगायची. "तो आला का गेला" असं सांगू नका, "त्याचा खांदा तुझ्या पळणाऱ्याकडं वळला का" एवढंच विचारा. हो किंवा नाही.

आणि आधी बॉल काढून घ्या. खरंच. बॉल नसताना करा. तुम्ही क्यूबीच्या मागं उभं राहा, डिफेंडर पोराला हातानं खूण करा, डावा हात वर म्हणजे पळणाऱ्यावर जा, उजवा म्हणजे जागेवर थांब. क्यूबीला खूण दिसत नाही. तिनं फक्त मोठ्यानं बोलायचं, "दे" नाहीतर "ठेव". चालत चालत. २० वेळा. मग हळू पळत. मग बॉल. आम्ही हूल शिकवताना असंच करतो, आधी अंगाला शिकवायचं. चिखलातपण होतं हे, घसरायचा प्रश्न नाही.

तुमचा तो "कोडु" ओरडणारा मुलगा, त्याला गप्प करू नका हो, त्याला दरवेळी ओरडायला लावा. बॉल मिळो न मिळो, ओरडत पळायचं. हूल म्हणजे अजून काय असतं?

डॅलसकर_शहापूरचा:
ताई ते शेवटचं तर मी उद्याच वापरणार. आमच्याकडं बॉल मिळाला नाही की पळणारा पोरगा चार पावलात थांबतो, कंटाळून, आणि समोरच्या सगळ्यांना कळतं. बॉल नसतानापण दोन्ही हात पोटावर मिटून दहा पावलं पूर्ण जोरात पळायचं. फक्त खरोखर बॉल असताना मोकळा हात फ्लॅगवर आडवा धरायची सवय लागू देऊ नका, फ्लॅग झाकला की फाउल धरतात. आणि आडवं पळून झाल्यावर शेवटी सरळ वर वळायला शिकवा, नाहीतर पोरं कडेच्या रेघेबाहेर जाऊन थांबतात. पूर्ण मैदानच २५-३० यार्ड रुंद, कड लगेच येते.

खानापूर_रोड:
तीन आठवड्यांनी लिहालोय, उशीर झाला माफ करा, मधे भात लावणीत अडकलो होतो.

गोव्याच्या टीमला फोन केला. पिच बंद, क्यूबीनं पळायचं बंद, कॅम्पच्या सरांनी सांगितल्यासारखंच. बरं झालं विचारलं.

पहिला रविवार बॉल बाहेरच काढला नाही. पोरं कुरकुरली. ताईंनी सांगितलं तसं "दे", "ठेव" करत चालवलं, प्रत्येकाला क्यूबी केलं, १३ च्या १३ जणांना. दुसऱ्या शनिवारी पळत. बॉल आला तिसऱ्या आठवड्यात. आणि अंगोळच्या सरांचंपण ऐकलं, ज्या चार लहान पोरांना अजून दोन रस्ते जड जातात त्यांना नुसता हँडऑफ ठेवलाय, ती पोरं खुश आहेत.

आता कालचं सांगतो. मी मागं उभा, डिफेंडरला डावा हात केला. पोरगं पळणाऱ्यावर निघालं. आणि पोरीनं बॉल पोटातनं ओढून घेऊन सेंटरला टाकला, तो तिथं एकटाच उभा होता, त्यानं पकडला आणि सुटला. पळणारा "कोडु कोडु" करत पोटावर हात मिटून तसाच कडेपर्यंत गेला, बॉल त्याच्याकडं नाहीच हे बाकीच्यांना नंतर कळालं. मी पोरीला विचारलं, तुला कसं कळलं गं? म्हणाली, "त्याचा गुडघा आधी वळला सर, खांदा नंतर."

ताई, गुडघा आधी वळतो का खरंच? का ही त्या एकाच पोराची सवय आहे? सांगा, म्हणजे बाकीच्यांना तसं शिकवू का नको ते ठरवतो.

निपाणी_खोखो_ताई:
चिखलात वळतो आधी. घट्ट जमिनीवर खांदा आणि गुडघा बरोबरच जातात, पण पाय घसरेल अशी भीती असली की माणूस आधी गुडघा वळवून पाय रोवतो. तिला म्हणावं ऊन पडल्यावर परत बघून मला सांग. आणि सामना पावसात झाला तर गुडघाच बघू दे.