किनाऱ्यावर विदेशी पाहुण्यांशी बोलून इंग्रजी सुधारतं का?

मांडवीकाठ:
मुलाखतीत इंग्रजी अडलं की गोव्यात ठरलेला सल्ला मिळतो: "कळंगुटला जा, गोऱ्यांशी बोल, आपोआप येईल." मला हे पटत नाही. शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळीत, दहा वर्षं काढलेला माणूस फाडफाड बोलतो खरा, पण तीच तीस-चाळीस वाक्यं. भाव, मासा, टॅक्सी, पाऊस. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स' हे गिऱ्हाइकाला कळतं, त्यामुळे कुणी सुधारत नाही आणि चूक जिभेवर पक्की बसते. मुळात आपण 'दहा वर्षांपासून काम करतो' असं वर्तमानकाळात म्हणतो, तेच तिथे उतरतं. हवं ते 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स'. किती काळ ते सांगायला 'फॉर', कधीपासून ते सांगायला 'सिन्स'. त्यात समोरचा रशियन असला तर त्याच्याही भाषेत 'अ' आणि 'द' नाहीत. दोघं मिळून गाळतात!

सत्तरीकर:
साफ असहमत. आपल्याकडे अनेकांचं चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी, पाचवीपासून एकदम इंग्रजी माध्यम. पेपर लिहिता येतो, 'सिन्स-फॉर'ही पाठ असतं. ऐनवेळी तोंडातून निघत नाही, एवढंच. मित्रांत सराव करायला बसलं की तिसऱ्या वाक्याला गाडी कोंकणीवर येते. पाहुण्याशी ती सोय नाही, हाच फायदा. आणि चूक त्याने का सुधारावी? जिथे अडलात ते मोबाइलवर टिपा, रात्री शोधा, दुसऱ्या दिवशी मुद्दाम वापरा.

मांडवीकाठ:
रात्री शोधणारे किती? वेग हवा, मान्य. त्यासाठी चार-तीन-दोनचा सराव आहे: एकच विषय आधी 4 मिनिटं, मग 3, मग 2 मिनिटांत सांगायचा, दर वेळी नव्या श्रोत्याला. श्रोते नसतील तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. शब्द पहिल्या फेरीतच शोधून झालेले असतात, म्हणून पुढे लक्ष वाक्यरचनेकडे राहतं. फसतं कुठे? लोक आधी लिहून काढतात आणि वाचतात. मग तो सराव वाचनाचा. दुसरं म्हणजे 'बेरोजगारी'सारखा विषय घेतात, ज्यावर मराठीतही दोन मिनिटं बोलता येत नाही. चतुर्थीला गणपतीच्या वर फळं बांधून टांगतात ती माटोळी घ्या.

डिचोली फास्ट:
माटोळीतल्या रानफळांना इंग्रजीत काय म्हणणार? पहिल्याच मिनिटाला गप्प.

मांडवीकाठ:
नाव नकोच. 'अ वुडन फ्रेम हंग ओव्हर द गणेश, विथ फ्रूट्स अँड वाइल्ड बेरीज टाइड टू इट'. शब्द नसताना वळसा घालून सांगणं हीच तर खरी कसोटी.

फोंड्याहून:
उच्चारांचं कुणीच बोलत नाही. आपला 'व' इंग्रजीच्या दोन ध्वनींच्या मधोमध पडतो, म्हणून 'वेस्ट' म्हणजे पश्चिम की बनियन, ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. आरशासमोर उभे राहा. बनियनवाल्या शब्दाला वरचे दात खालच्या ओठाला टेकलेले दिसले पाहिजेत. पश्चिमेला ओठ शीळ घालताना होतात तसे गोल, दात कुठेच लागत नाहीत. दुसरं, 'पेन'. ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरा. 'पे' म्हणताना ती हलली नाही तर परक्या कानाला 'बेन' ऐकू येतं. मात्र 'स्पून'मध्ये पट्टी हलता कामा नये, तिथे 'स'नंतर फुंकर नसते. याहून महत्त्वाचा आघात: 'फोटोग्राफ'मध्ये तो 'फो'वर, 'फोटोग्राफी'त सरकून दुसऱ्या अक्षरावर. आपण सगळी अक्षरं सारख्याच जोराने म्हणतो.

सत्तरीकर:
पट्ट्या हलवत बसलं तर बोलायचं कधी? परदेशी जाणारे देतात त्या आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत तोंडी भाग 11 ते 14 मिनिटांचा. गुण चार गोष्टींना सारखे: ओघ, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. म्हणजे उच्चार पाव हिस्सा, आणि गोव्याची ढब आहे म्हणून कुणी गुण कापत नाही.

फोंड्याहून:
ढब राहू द्या. शब्द कळला नाही तर कापतात, आणि आघात चुकला की तो कळत नाही. पाव हिस्सा काय फुकटचा आहे?

डिचोली फास्ट:
बोलायला शब्द येणार कुठून, ते सांगा. वाचनाला एक हिशोब पुरतो: अडीचशे शब्दांच्या पानावर पाचपेक्षा जास्त अनोळखी निघाले तर पुस्तक खाली ठेवा, सोपं घ्या. शंभरातले 98 शब्द ओळखीचे असले तरच उरलेल्या दोघांचा अर्थ संदर्भाने लागतो. पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात लहान मुलांचा विभाग आहे. मोठ्यांनी तिथून सुरुवात करायला लाजू नये.

सत्तरीकर:
वाचा की. पण मांडवीकाठ, तुमची ती माटोळी पाहुण्यालाच सांगितली तर? भावाबाहेरचं बोलणंही झालं आणि श्रोताही खरा.

मांडवीकाठ:
चतुर्थीला किनाऱ्यावर असतं कोण? शॅक मे अखेरीस उतरतात.

सत्तरीकर:
फोटो काढून ठेवा. नोव्हेंबरात दाखवा.