प्रतिसाद: मोठी बॅटरी आणि डॅशकॅम

'इलेक्ट्रिक गाडीत एवढी मोठी बॅटरी आहे, मग डॅशकॅमचा पार्किंग मोड (उभ्या, बंद गाडीतही रेकॉर्डिंग) चोवीस तास चालू ठेवला तर काय बिघडतं?' या प्रश्नाबद्दल थोडं.

डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेमागचा रेकॉर्डिंग कॅमेरा, त्या मोठ्या बॅटरीवर चालतच नाही. तो चालतो १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. गाडी चालू असताना डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारा भाग) ती भरत राहतो. बंद गाडीत मात्र बहुतेक वेळ तो झोपलेला असतो. काही गाड्या अधूनमधून जाग्या होऊन छोटी बॅटरी भरतात, सगळ्या नाही. कॅमेरा ४ वॅट घेतो असं धरलं तरी दिवसाला ९६ वॅट-तास झाले. ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम ४८० वॅट-तास असतात. ती उतरली की मुख्य बॅटरी १०० टक्के भरलेली असूनही गाडी ढिम्म हलत नाही!

त्यामुळे लो-व्होल्टेज कट-ऑफ (व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की कॅमेरा बंद) असलेलंच हार्डवायर किट, म्हणजे कॅमेरा थेट गाडीच्या फ्यूज बॉक्सला जोडायचं वायरिंग, घ्या. लेड-ॲसिड बॅटरीला १२.२ व्होल्टच्या आसपासचा कट-ऑफ ठीक, पण काही नव्या गाड्यांत ही छोटी बॅटरीही लिथियमची असते. तिथे हा आकडा चालत नाही, मॅन्युअल बघाच.

रेंजची काळजी सोडा, चालत्या गाडीत ४ वॅट म्हणजे काहीच नाही.

वायर ए-पिलरमधून (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब) नेताना तिथल्या कर्टन एअरबॅगच्या (बाजूने उघडणारी एअरबॅग) मागून न्या, पुढून नको. आणि नारिंगी केबल दिसली तर हात लांब, ती हाय व्होल्टेजची. फ्यूज टॅपचा (फ्यूज बॉक्समधून वीज घ्यायचा जोड) आत्मविश्वास नसेल तर सरळ डॅशबोर्डवरचं १२ व्होल्टचं सॉकेट वापरा. पार्किंग मोड बहुधा मिळणार नाही, एवढंच.