पाळण्याचे शिल्प : प्रेक्षकाने नेमके काय करावे?

प्रश्न :
आमच्या घरी सागवानी पाळणा आहे. त्यात माझे वडील, मी आणि आता तीन वर्षांची असलेली माझी मुलगी अशा तीन पिढ्या निजल्या. त्यापासून मी एक शिल्प करत आहे. प्रेक्षकाने पाळणा हलवला की माझ्या लहानपणीच्या कॅसेटवरची, आईने म्हटलेली अंगाई ऐकू यावी, अशी कल्पना आहे. पाळण्याच्या दांडीला चुंबक, खांबाला हॉल सेन्सर (चुंबक जवळ आल्याचे ओळखणारा), अर्डुइनो (छोटा नियंत्रक बोर्ड) आणि डीएफप्लेअर (ध्वनिफिती वाजवणारा छोटा भाग) एवढी जोडणी झाली आहे. मात्र प्रत्येक झोक्याला अंगाई पहिल्यापासून सुरू होते, आणि घरी पाहायला आलेल्या मंडळींनी तर पाळणा बागेतल्या झोपाळ्यासारखा ढकलला. शिवाय आईला हा प्रकारच पसंत नाही. रिकामा पाळणा हलवू नये, असे ती दर वेळी बजावते. यातून मार्ग कसा काढावा?

प्रतिसाद १ :
पहिली अडचण किरकोळ आहे. डीएफप्लेअरची बिझी पिन, म्हणजे तो वाजतो आहे का हे कळवणारी जोडणी, ध्वनी वाजत असताना लो (शून्य पातळीवर) असते. ती वाचून, वाजणे संपेपर्यंत नवी आज्ञा देऊ नका. दुसरीसाठी दोन झोक्यांमधला वेळ मोजण्याच्या फंदात पडू नका, कारण पाळणा हा लंबकच असल्याने ढकलण्याचा जोर वाढला तरी आवर्तनकाळ फारसा बदलत नाही. चुंबक सेन्सरसमोरून सरकायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजा. वेग त्यावरून कळेल. वेग मर्यादेबाहेर गेला की आवाज हळूहळू बारीक करत न्यावा, म्हणजे सूचनेची पाटी लावावी लागणार नाही. कॅसेटचे ध्वनिमुद्रण फार घासूनपुसून स्वच्छ करू नका, एवढी मात्र विनंती.

प्रतिसाद २ :
तांत्रिक भाग वर आलाच आहे. मला आईंचा आक्षेप अधिक महत्त्वाचा वाटतो. पाळणा हलतो तो आत कोणीतरी असते म्हणून; तुमच्या मांडणीत ते कोणीतरीच नाही, आणि म्हणूनच लोकांना ते खेळणे वाटते.

कलाकार राफाएल लोझानो-हेमर यांची ‘पल्स रूम’ (२००६) ही दिव्यांची मांडणी पाहा. पत्नीच्या गरोदरपणात जुळ्यांच्या हृदयाचे ठोके एकाच वेळी ऐकल्यावर त्यांना ती सुचली. प्रेक्षकाने मांडणीला बसवलेल्या मुठी (हँडल) धरल्या की त्याच्या नाडीच्या तालावर जवळचा दिवा लुकलुकतो, आणि हात सोडल्यावर तो ताल रांगेतल्या पुढच्या दिव्याकडे सरकतो. तिथे प्रेक्षक स्वतःचे काहीतरी आत ठेवतो, नुसते बटण दाबत नाही.

आपल्याकडे याची सोय बारशातच आहे. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळाला पाळण्याच्या वरून-खालून देताना बाळाबरोबर कापडात गुंडाळलेला वरवंटाही फिरतो. तोच प्रेक्षकाच्या हाती द्या. गादीखाली लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर) आणि त्याचा संकेत अर्डुइनोला वाचता येईल असा करणारा एचएक्स७११ बसवा आणि वजन जाणवल्याखेरीज अंगाई सुरूच होऊ देऊ नका. झोक्यामुळे वजनाचा आकडा खालीवर होईल, म्हणून काही वाचनांची सरासरी घ्या. लोड सेलच्या तारा दांडीपाशी सतत वाकून तुटतात. तिथे मऊ सिलिकॉनची तार सैल वळसा देऊन बांधा. पाळण्याचे लाकूड जुने आहे, तेव्हा खिळा ठोकू नये, हे सांगायला नकोच.

प्रश्नकर्ता :
दोघांचे आभार. काल घरातलाच वरवंटा ठेवून पाहिला. जड दगड दोन्ही हातांनी आत ठेवावा लागत असल्याने माणूस आपोआप वाकतो आणि मग पाळणा ढकलत नाही, हे लगेच दिसले. कॅसेटवर मधेच आई ‘अगं, दूध बघ’ असे कोणाला तरी सांगते. ते काढून टाकणार होतो, आता तसेच ठेवले आहे. आई दारातून पाहत होती. बराच वेळ काही बोलली नाही, मग आत जाऊन मुलीचे जुने टोपडे घेऊन आली आणि म्हणाली, ‘उघडा नको ठेवूस त्याला.’