मदत हवी आहे : भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीचा (२०१८) सरकारी खर्च कुठे मिळेल?

मंडळी, आमच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात वादविवाद आहे. विषय : 'मुदतीआधी राजीनामा देणाऱ्याकडून पोटनिवडणुकीचा खर्च वसूल करावा'. माझ्याकडे 'करावा' ही बाजू आलीये आणि मला आकडा हवाय. नुसतं तावातावाने बोलणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

उदाहरण आमच्याच भागातलं घेतलंय. नाना पटोले यांनी डिसेंबर २०१७ मध्ये खासदारकी सोडली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ प्रमाणे रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची. उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर सूट. इथे मुदत त्याहून जास्त होती, म्हणून मतदान लागलं २८ मे २०१८ ला. विदर्भातला मे! व्हीव्हीपॅट यंत्रं बंद पडली, ४९ केंद्रांवर ३० मेला फेरमतदान घ्यावं लागलं. मधुकर कुकडे निवडून आले, आणि एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा सगळं पहिल्यापासून.

साताऱ्याचं उदाहरण मुद्दाम टाळतोय. उदयनराजे भोसले यांनी निवडून आल्यावर चारेक महिन्यांत राजीनामा दिला, यावर टाळ्या मिळतील. पण ती पोटनिवडणूक विधानसभेच्याच दिवशी झाली. जादा खर्च किती, असं कुणी विचारलं की मी अडकणार.

तर माहिती अधिकाराचा अर्ज नेमका कुणाकडे करू? दिल्ली, मुंबई की जिल्हाधिकारी?

दुसरं, निवडणूक आयोगाने २००४ मध्ये दोन जागा जिंकून एक सोडणाऱ्याकडून विधानसभेसाठी ५ लाख आणि लोकसभेसाठी १० लाख घ्यावेत असं सुचवलं होतं. ते मधेच राजीनामा देणाऱ्यांबद्दल नव्हतं, हे माहीत आहे. तरी आधार म्हणून चालेल का? २०१८ मध्ये लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादाच ७० लाख होती, त्यापुढे १० लाख म्हणजे किरकोळच.

आणि खरी अडचण : पटोले शेतकऱ्यांच्या प्रश्नावर सरकारशी भांडून बाहेर पडले. नुसता पक्ष सोडला असता तरी पक्षांतरबंदीत खासदारकी गेलीच असती. मग पटत नसेल त्याने करायचं काय, असं समोरून येणारच. याला उत्तर सुचवा.

प्रतिसाद
आधी जिल्ह्याकडे जा. नुसत्या लोकसभेच्या निवडणुकीचा खर्च केंद्राचा, पण कायदा-सुव्यवस्थेचा भार राज्यावर. म्हणजे पोलिसांचा बंदोबस्त वेगळा विचारावा लागेल. मतदारसंघ दोन जिल्ह्यांत आहे, तेव्हा भंडारा आणि गोंदिया दोन्हीकडे अर्ज करा. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. फेरमतदानाचा खर्च वेगळा दाखवा, असं स्पष्ट लिहा.

बाकी तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मी 'करू नये' वाल्यांच्या बाजूचा आहे, त्यामुळे त्यात मदत नाही. :)