डिसेंबरअखेर हर की दून आणि केदारकंठा: पंधरा हजारांत काय घ्यावं?

डोंबिवलीकर
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं भाऊ डिसेंबरच्या शेवटी उत्तराखंडातल्या सांकरी गावाहून आधी हर की दून आणि परत येऊन केदारकंठा (३,८१० मीटर) असा नऊ दिवसांचा बेत करतोय. वाटाड्या सोबत असेल, पण तंबू, शिधा, स्टोव्ह आमच्याच पाठीवर. रतनगड-हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग झालंय. बर्फात मुक्काम मात्र एकदाही नाही. ६० लिटरची सॅक आहे, स्लीपिंग बॅगवर ५ अंश लिहिलंय. प्रत्येकी १५,००० खर्च करू शकतो. त्यातले बरेचसे चांगल्या डाउन (पिसांच्या) जॅकेटवर घालावेत असं मनात आहे. बरोबर आहे का?

नाशिककर
जॅकेटवर एवढे घालू नका, कळकळीनं सांगतो. चालताना घाम येतो, जाड जॅकेट सॅकमध्येच राहतं. खरी परीक्षा रात्री, आणि रात्री थंडी खालून येते. आपल्या वजनानं स्लीपिंग बॅगेतली पिसं दबतात, त्यांच्यातली हवा जाते, आणि ऊब धरते ती हवाच. म्हणून आधी मॅट.

मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याचा आकडा, बघा. घडीची फोमची मॅट साधारण २ ची असते, बर्फावर ४ च्या पुढे हवी. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते. फोमची खाली, हवेची वर. हवेची पंक्चर झालीच तर निदान फोमची असते. केदारकंठाच्या वाटेवर जुडा का तालाबच्या मुक्कामाला माझ्याकडे नुसती फोमची होती. ज्या कुशीवर वळेन त्या बाजूचा खुबा बधिर व्हायचा. पहाटे चार वाजता सॅक रिकामी करून पाठीखाली घातली, दोर पसरला, तेव्हा कुठे डोळा लागला.

उरलेले पैसे स्लीपिंग बॅगेत. तिच्यावर कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते तापमान) आणि लिमिट (कशीबशी रात्र निघेल ते) असे दोन आकडे असतात, तुम्ही कम्फर्टच बघा. उणे १० च्या रात्री धरून चला. ५ अंशांची बॅग तिथे चालणार नाही.

कोथरूडकर
दादांशी सहमत. माझी भर बुटांची. जुने बूट असतील तर आजच काढा आणि सोल दाबून, वाकवून बघा. माझे कपाटात सहा वर्षं ठेवलेले, दिसायला कोरे. हर की दूनच्या वाटेवरचं तालुका नावाचं गाव सोडून दोन तास झाले नाहीत तोच उजवा सोल टाचेपासून सुटला. सोलचा मधला थर पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतल्या ओलाव्यानं वापराविनाही भुसभुशीत होतो. तीन दिवस सुतळी बांधून चालले. नवे घेणार असाल तर जाड मोजे घालून मापा, बोटं आत हलली पाहिजेत. आवळलेल्या पायात रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात.

सुती बनियन अजिबात नको, ओली झाली की वाळत नाही.

नाशिककर
गॅसचं राहिलं. डबे विमानात नेता येत नाहीत, देहरादूनला घ्या. नुसतं ब्युटेन शून्याच्या आसपास वायू होणं थांबवतं, ज्योत मरगळते. आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणच मागा आणि रात्री डबा पायाशी घेऊन झोपा. कितीही कुडकुडलात तरी बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाटली उलटी ठेवा, पाणी वरून गोठत येतं, झाकण मोकळं राहतं.

डोंबिवलीकर
दादा, ताई, मनापासून आभार. मॅट आणि बॅग पक्की, जॅकेट मावसभावाचं मागून घेतो. भावाचे बूट आत्ता वाकवून पाहिले, टाचेपाशी भेग आहे. नवेच घेतोय, आणि नोव्हेंबरात कळसूबाईला घालून रुळवतो. मायक्रोस्पाइक्स (बर्फासाठी बुटांवर चढवायचे काटे) सांकरीत भाड्यानं घेतले तर चालतील?

कोथरूडकर
चालतील. घेताना बुटावर चढवून चार पावलं टाका, रबर पूर्ण ताणून बघा. बारीक चिरा दिसल्या तर दुसरी जोडी मागा, आणि ते संध्याकाळीच करा. सकाळी निघायच्या घाईत उरलेले घ्यावे लागतात.