पहिल्यांदाच ट्रॅक डेला चाललोय (चेन्नई), काय काय बघून जाऊ?

वारजेकर_पोलो

मंडळी, पुढच्या महिन्यात मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचा दिवस) आहे, पैसे भरून टाकलेत. गाडी २०२१ ची पोलो १.० टीएसआय, मॅन्युअल, सगळं कंपनीचंच. चालवत नेणार आणि त्याच गाडीने परत येणार. आयोजकांनी नियमांची लांबलचक पीडीएफ पाठवलीय. त्यात हेल्मेट, सुती फुल शर्ट, बूट, टो हुक (बंद गाडी ओढायचा हुक), ओव्हरटेक फक्त सरळ पट्टीत आणि तेही पुढच्याने बाजू दाखवली तरच, असं बरंच काही आहे. यातलं खरंच महत्त्वाचं कोणतं आणि कागदापुरतं कोणतं? बाइकचं हेल्मेट चालेल का? जायच्या आधी एक-दोन रविवारी पहाटे ताम्हिणीत हात साफ करून घेऊ का? शिवाय धाकटा भाऊ म्हणतोय, मी शेजारी बसणार.

भोसरीचा_पाना

कागदापुरतं काही नसतं रे. पण गेटवरचा माणूस जे वरवर दिसतं तेवढंच तपासतो. जे दिसत नाही ते तुझं तुलाच बघायला लागतं. आमच्या गॅरेजमधून पोरं ट्रॅकवर जातात, कधी कधी मीही पाने घेऊन सोबत जातो. सगळ्यांना आधी एकच विचारतो, ब्रेक ऑइल कधी बदललंस?

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शिरलं की तीच मर्यादा १५५ वर येऊ शकते. गावात तू तिथवर जातच नाहीस. ट्रॅकवर दर लॅपला पट्टीच्या टोकाला तसाच कचकचून ब्रेक, आणि मधे गार व्हायला उसंत नाही. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते, पाय खाली जातो आणि गाडी पुढे. म्हणून निघायच्या आठवड्यात ऑइल बदल, चारी चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घे. ब्रेक पॅड निम्म्यापेक्षा जास्त शिल्लक पाहिजेत, कारण त्यांच्यावरच तुला बाराशे किलोमीटर घरी यायचंय. पेडल मऊ पडून खोल जात असेल तर ऑइल उकळलंय. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. दोन्हीला औषध एकच: मागच्यांना वाट देत एक लॅप हळू मारायचा आणि पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबायच्या जागेत) यायचं. थांबलास की हँडब्रेक ओढू नकोस. पोलोला मागे ड्रम आहेत, तापलेला ड्रम गार होताना आकसतो आणि आतले ब्रेक शू त्याला धरून बसतात. पहिल्या गिअरमध्ये ठेव, चाकाला दगड लाव.

आता ओव्हरटेक. मागचा चढत आला की हात बाहेर काढून बाजू दाखवायची, आपली लाइन सोडायची नाही आणि ॲक्सिलरेटर थोडा सोडायचा. हे शेवटचं कोणी करत नाही! तुझी गाडी टर्बो. वळणात तू मागच्याला अडवणार आणि पट्टीत बाजू दाखवूनही दाबून पळणार. तो बिचारा अर्धवट बाजूला येऊन लटकतो, पुढे ब्रेकिंगची जागा आली की दोघंही अडचणीत. पुण्यात कुठूनही घुसायची सवय झालेल्या माणसाला हा नियम अपमानासारखा वाटतो, पण आरसा बघणं तिथं अर्धं ड्रायव्हिंग आहे.

चाकं बाहेर गेली तर स्टिअरिंग झटक्यात आत ओढू नकोस. टायरला अचानक पकड मिळते आणि गाडी ट्रॅक ओलांडून पलीकडे जाते. जाऊ दे सरळ बाहेर, वेग मोड, मार्शलने (ट्रॅकवर झेंडे दाखवणाऱ्या माणसाने) खूण केली की आत ये. गाडी गोल फिरायला लागली तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून ठेव. बंद पडून ट्रॅकवर अडकलास तर पट्टा लावून आतच बस, आग लागली तरच उतर. पिवळा झेंडा म्हणजे हळू आणि ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, पण म्हणून जागच्या जागी ब्रेक मारायचा नाही, सावकाश पिटकडे.

गाडीतून सगळं बाहेर काढ: मॅट, पाण्याची बाटली, परफ्यूम, सीटखालची छत्री. ब्रेक पेडलखाली घरंगळलेली बाटली मी बघितलेली आहे. डॅशबोर्डवरचे बाप्पा चिकटपट्टीवर असतील तर त्यांनाही हॉटेलवर ठेव.

ताम्हिणी नको. घाटात अर्धाच रस्ता आपला असतो, ट्रॅकवर अख्खी रुंदी वापरायची असते, त्यामुळे तिथली सवय इथे उपयोगाची नाही. आणि समोरून एसटी येते.

हॅच_बाणेर

काकांनी सौम्यपणे सांगितलं, मी सरळ सांगते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं. प्रॅक्टिसच करायची तर कार्टिंगला जा.

हेल्मेट: पीडीएफमध्ये आयएसआय चालेल असं लिहिलं असेल तर बाइकचं फुल-फेस ने. मात्र स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या कारसाठीच्या एसए मानकात आगीची आणि रोल बारवर आपटण्याची चाचणी असते, बाइकच्या एम मानकात ती नसते. पुढेही जाणार असशील तर एसए घे. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट कुठल्याही शिक्क्याचं असो, नको.

भावाला स्टँडमध्ये बसव. बहुतेक ठिकाणी नवख्याला शेजारी कोणी बसवू देत नाहीत. देत असले तरी तू त्याला दाखवायला म्हणून चालवशील. आणि पॉलिसीतलं वापराच्या मर्यादांचं कलम वाच. रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग तिथे वगळलेलं असतं. "ही स्पर्धा नाही" असं आयोजक म्हणाले तरी बंपर स्वतःच्या खिशातून भरायची तयारी ठेवूनच जा.

वारजेकर_पोलो

ताम्हिणी रद्द, भाऊ रुसलाय. काका, टायरमध्ये हवा किती ठेवू?

भोसरीचा_पाना

दाराच्या स्टिकरवर आहे तेवढीच भरून सुरू कर. पहिल्या सेशननंतर गरम टायर मोज, चार-सहा पीएसआय वाढलेली दिसेल, त्यातली थोडी कमी कर. पण लोक एक विसरतात. संध्याकाळी टायर गार झाले की तीच हवा स्टिकरपेक्षा खाली गेलेली असते आणि तसेच हायवेला लागतात. निघायच्या आधी पुन्हा भर, आणि चाकांचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला घट्ट कर. टॉर्क रेंच नसेल तर शनिवारी येऊन माझा ने. चहा आणि ऑइल बदलणं तेव्हाच उरकू, फक्त दुपारी एक ते चार येऊ नकोस.

हॅच_बाणेर

भोसरीत पण एक ते चार? 😄

भोसरीचा_पाना

बायको सदाशिव पेठेतली आहे.